तार

आम्ही राहतो साखर पेठेत,
आणि साखर सोडा,
गूळसुद्धा कसा होतो ते कधी पाहिलं नव्हतं.
त्या दिवशी मागांची मोटार जळाली,
कारखान्याला कुलूप,
तर नान्ना म्हणाले, चल.

वडकबाळच्या पुढे उतरलो एसटीतून.
माघ सरत आलेला.
कडब्याच्या पेंढ्या बांधावर उभ्या,
आणि त्यांच्यापलीकडून
आधी वास आला, मग धूर,
मग चरकाचं कुरकुरणं.

गुळव्याचं नाव गुरसिद्धप्पा बिराजदार.
डोळ्यांत तीस हंगामांचा धूर.
काहिलीकडे तो फारसं बघतच नव्हता,
मान तिरकी करून उभा होता नुसता,
पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसा.
रेवणा चुलवणात चिपाडं सारत होता.
भेंडीचं पाणी पडलं,
काळपट मळी वर आली,
झाऱ्यानं ओढून बाजूला टाकली कुणीतरी,
आणि खालचा रस एकदम
पितळेच्या नव्या तांब्यासारखा.

रस बोलतो, गुरसिद्धप्पा म्हणाला.
आधी खळखळतो, मग गुरगुरतो,
फटफट करू लागला की उतरवायचं.

नान्नांना यातलं काही ऐकू गेलं नाही.
कान ते मागांच्या खडखडाटात ठेवून आलेत,
एकतीस वर्षं झाली.
मी त्यांच्या कानाशी ओरडले,
रस बोलतो म्हणे!
दाखव, म्हणाले.

पळीतला थेंब पाण्यात पडला.
नान्नांनी तो उचलला दोन बोटांत,
हळूच ओढला,
उजेडासमोर धरला,
तुटलेलं सूत सांधण्याआधी धरतात तसा.
वीस नंबर, म्हणाले. जाड आहे.
अजून थोडं थांबा.

गुरसिद्धप्पा हसला.
त्यानं बेल्ल म्हटलं, नान्नांनी बेल्लम,
मी मध्ये उभी, गूळ म्हणत.
तेवढ्यात काहीलच फटफटली
आणि सहा जणांनी ती दांड्यांना धरून
वाफ्यात ओतली,
नान्नांना न विचारता.

ते बोटं चिकटलेलीच घेऊन उभे.
लवकर काढला, म्हणाले बारीक आवाजात,
म्हणजे त्यांना बारीक वाटलेल्या.
साऱ्या गुऱ्हाळानं ऐकलं.

ढेप मऊ निघाली की कडक, माहीत नाही.
पाच वाजताची गाडी होती.
गुरसिद्धप्पानं काकवीची बाटली दिली,
तोंडाला चिंधी, पैसे नको म्हणाला,
आणि नान्नांच्या खिशात एक खडा
कागदाविनाच टाकला.

दुसऱ्या दिवशी मोटार आली भरून.
संध्याकाळी तपासणीत एक टॉवेल बाजूला पडला.
पांढऱ्या काठावर तपकिरी डाग,
दोन बोटांचा, शेजारी शेजारी.
मुकादमानं मजुरीतून कापला.

नान्नांनी तो घरी आणला.
आई म्हणाली, धुते.
नको, म्हणाले,
आणि जेवणानंतर त्याच काठाला
हात पुसले,
पुसून झाल्यावरही थोडा वेळ
धरून ठेवला.