ताजा कलम

खारघरला, जिथे सेक्टर संपतात आणि डोंगर सुरू होतो,
तिथे तिसऱ्या मजल्यावर एक बिनखिडकीची खोली आहे.
दाराला काळा पडदा.
रात्री पावणेदोनला तळोज्याचा तो वास
एसीतून आत येतो, आणि आम्ही दोघं
न बोलता ठरवतो की वारा फिरला.

आम्ही दोघं म्हणजे मी, पीएच.डी.चं सहावं वर्ष,
आणि धर्मा भगत, सूक्ष्मदर्शकाचे राखणदार,
मुर्बीचे.

काचेवर पेशी. पेशींत मी घातलेले दोन दिवे,
लाल आणि हिरवा, एकाच बटणावर दोन्ही.
लाल नुसता साक्षीदार.
हिरव्याच्या मागे मी एका जनुकाचं शेपूट जोडलंय,
निरोप संपल्यानंतरचा तो मजकूर
ज्यातून प्रथिन म्हणून काहीच बनत नाही.
शेवडे सर पहिल्या वर्षी म्हणाले होते,
पत्राखाली ता.क. असतो ना, तसं समज.
कधी कधी अख्खं पत्र त्याच्या ताब्यात असतं.

आणि खरंच. लाल भरभरून. हिरवा मेल्यासारखा.
निरोप उतरवला गेलाय, मी मोजलाय,
जेवढा लाल तेवढाच हिरवा,
केंद्रकातून बाहेरही पडलाय.
मग वाटेत कुणीतरी, बावीस अक्षरांचं एक चिटोरं,
त्या शेपटाला येऊन चिकटतं
आणि वाचणारा वाचायचं थांबतो.
गुन्हा म्हणावा तर कागद फाटलेला नाही.

जून ते ऑक्टोबर मला हे सिद्ध करता आलं नाही.
एकदा बुरशी. एकदा शनिवारी इन्क्युबेटरचा गॅस संपला.
एकदा सगळंच हिरवंगार,
कारण मी बाटलीच चुकीची उचललेली.
आईला फोनवर सांगायचे, चाललंय.

आज शेपटातली सातच अक्षरं बदलली होती.
भगतमामांनी फिल्टर फिरवला.
आधी काही नाही. मग डोळा सरावला
आणि अंधारात एकेक करून,
आधी कडेला, मग मध्यावर दाटीनं,
"लागलं गो," मामा म्हणाले. "आवण लागलं."

मला हसू आलं, मग नाही आलं.
या इमारतीखाली काय होतं
ते त्यांना ठाऊक आहे, मला नाही.

नोंदी होईपर्यंत ते घुटमळले.
मग लॉकरमधून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून फाइल.
"तुझं वाचन बरं. एवढं बघ."
साडेबारा टक्क्यांतला भूखंड, वडिलांच्या नावचा.
अर्ज, सातबारा, वारसांचा दाखला.
मंजूर. सही. गोल जांभळा शिक्का, अजून ठसठशीत.
तारीख माझ्या जन्माआधीची.
"मंजूर हाय ना?"
"आहे."
"मग?"

सगळ्यात खाली, शिक्क्याच्याही खाली,
तिरक्या बारीक अक्षरात, निळ्या पेनानं
पुढील आदेश होईपर्यंत थांबावे.
त्याखाली सही नाही.

अक्षरं मी मोजली नाहीत.
पडद्यावर हिरवा अजून जळत होता,
माझा हिरवा, सहा वर्षांचा.
म्हणाले, मामा, इथे तळाला काहीतरी लिहिलंय.
"ता व्हय," ते म्हणाले.
"ता त सगल्यांच्याच फायलीवं हाय."

त्यांनी फाइल पिशवीत घातली,
पिशवीच्या तोंडाला गाठ मारली,
दोनदा मारली.
मग त्यांचा हात बटणाकडे गेला
आणि मी म्हणाले, राहू दे थोडा वेळ.
पाऱ्याचा दिवा आहे. एकदा विझला
की अर्धा तास पुन्हा लावायचा नाही.

हे मला त्यांनीच शिकवलं होतं.