कोरडी

देवपूरच्या दुसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात,
पंख्याचा वारा कढईवरून उठून आलेला.
टेबलावर कोटेशनं, त्यांवर दगड,
आणि माझ्या पेनड्राइव्हमध्ये
चारशे बारा विहिरी.

प्रश्न एवढाच,
की भूजलाचे नकाशे काढणारं ते सॉफ्टवेअर
कुठल्या सर्व्हरवर चालवायचं.

नाशिकचे घुगे, इस्त्रीच्या शर्टात,
(घाम कसा येत नाही या माणसाला?)
म्हणाले, विंडोज घ्या मॅडम. सगळ्यांना येतं.
माउसनं होतं. पाच वर्षं वॉरंटी.

भंगाळे सर म्हणाले, क्लाउड. भाड्यानं.
मशीन बघायला नको, थंड ठेवायला नको,
कुठेतरी दूर, एसीत, दुसऱ्याच्या घरी तापू दे.
मी विचारलं, भाडं थकलं तर?
थकणार नाही, म्हणाले.
मार्चात फोनचं बिल थकलं होतं, ते मी बोलले नाही.
बायपासला जेसीबीनं केबल तोडली तेव्हा
अडीच दिवस आम्ही नुसता चहा पीत होतो, तेही नाही.

तिसरं कोटेशन नव्हतंच.
तन्वीर पिंजारीनं पाठकोऱ्या कागदावर लिहिलं होतं:
कपाटातला जुना वर्कस्टेशन, नवी डिस्क, लिनक्स,
आणि किमतीच्या रकान्यात, फुकट.
त्या शब्दानंच सगळे सावध झाले.
बिघडलं तर बोंबलायचं कोणाच्या नावानं?
माझ्या, म्हणाला.
आणि तुला पुण्यात नोकरी लागली की?
तन्वीर पेनाचं टोपण लावत-काढत राहिला.

मग ठरलं, चालवूनच बघू.
एकच फाइल तिन्हीकडे. शहाऐंशीचं रजिस्टर,
शिंदखेड्याच्या अंगानं, धुडकू आप्पांच्या अक्षरात.
आप्पांनाही बोलावलं होतं. मागच्या खुर्चीत,
टोपी मांडीवर.

क्लाउडवर फाइल चढत होती.
अडतीस टक्क्यांवर लाइट गेली.

लाइट आल्यावर घुग्यांचं मशीन.
झरकन. रंगीत. सुंदर नकाशा.
भंगाळे सर वा म्हणाले.
मी आकडे उघडले, तर जिथे आप्पांनी
'कोरडी' लिहिलं होतं,
तिथे पाच प्रश्नचिन्हं.
प्रश्नचिन्हांचं मशीननं केलं शून्य,
आणि शून्य खोली म्हणजे पाणी जमिनीला टेकलेलं.
शहाऐंशीच्या त्या वैशाखात
बत्तीस कोरड्या विहिरी
काठोकाठ निळ्या.

आप्पा उठले, पडद्याजवळ गेले,
बोट लावलं, न पुसणाऱ्या डागाला लावावं तसं.
"हाई कोरडी कठे गयी व माय?
तठे मी सोता उतरनू व्हतू."

घुगे म्हणाले, सेटिंग आहे ते, बदलता येतं.
खोटं बोलले नाहीत. मलाही माहीत होतं.
पण ते आकडे उघडायच्या आधी
आम्ही सगळे वा म्हणून बसलो होतो.

तन्वीरच्या मशीनला चाळीस मिनिटं लागली.
पिठाच्या गिरणीसारखा आवाज.
नकाशा फिक्कट, कडा ओबडधोबड,
आणि बत्तीस ठिकाणी काहीच नाही,
कागद दिसावा तसं पांढरं.
बोट ठेवलं की शब्द यायचा, पाचही अक्षरचिन्हं जागेवर:
कोरडी.

आप्पा म्हणाले, हां.
टोपी घातली आणि साक्री गाडी गाठायला गेले.

इतिवृत्तात आम्ही कारण लिहिलं: कमी खर्च.

ऑगस्टात तन्वीर पुण्याला गेला.
जाताना एक वही दिली, अर्धी चौकटीची, अर्धी रेघांची,
त्यात सगळ्या आज्ञा, आणि समासात
'इथे घाबरू नका', 'इथे घाबरा'.
मी त्या पाढ्यांसारख्या पाठ केल्या.
दोनदा चुकले. एकदा सतराशे नोंदी गेल्या होत्या,
बॅकअपमधून परत आणल्या, घरी कोणाला सांगितलं नाही.

मशीन तळमजल्यावर आहे, खडकांच्या नमुन्यांच्या खोलीत,
तिथे चार अंश कमी असतं.
काल आप्पांच्या नातवानं फोनवर आकडा पाठवला,
खडू लावलेली टेप, ओल्याची रेघ,
अकरा मीटर वीस.
खाली एक ओळ:
टेप दोनदा सोडली, पहिल्यांदा दोर अडकला होता.

ते कुठल्या रकान्यात बसवायचं
अजून ठरवलेलं नाही.