रुमालाखाली

रात्रीचे पावणेअकरा. कुपवाड एमआयडीसी,
मोटर-रिवाइंडिंगच्या दुकानावरची खोली.
खालून व्हार्निशचा वास,
वर कॅरम बोर्डावर अंथरलेलं हिरवं कापड.
अकरा जण बसलो होतो, चौघं उरलोय.
बक्षिसं तीन.

बाहुबली मगदूमांनी नऊ हजार पुढे लोटले.
सगळे.
न मोजता, मनगटानं,
ओट्यावरचं सांडलेलं पीठ सारावं तसे.
हा माणूस एरवी दहा-दहाच्या थप्प्या रचतो,
गोदामातल्या पोत्यांसारख्या, शिवण एका बाजूला.

इरफान सतारमेकरनं पाचशे सोडून पानं टाकली.
त्याच्यापुढे आता हजार.
डॉक्टर बिरनाळे आधीच मोकळे, शेंगा सोलताहेत.
राहिले मी.

माझ्याकडे बदामाचा राजा, किल्वरची दश्शी.
लग्नाच्या फोटोत शोभेल अशी जोडी.
नांदेल का, ते फोटोत दिसत नाही.

हिशोब माझा रोजचा.
हळदीच्या पेढीवर चौदा वर्षं खतावणी लिहिते.
मध्ये साडेदहा हजार. मला घालायचेत आठ.
शंभरात त्रेचाळीस वेळा जिंकले
तरी पेढी बुडत नाही.
मगदूमांकडे एक्का असला तर चाळिसाला टेकते,
लहान जोडी असली तर निम्म्याला थोडी कमी,
गुलाम-नव्वी असली तर साठीच्या वर.
मोठी जोडी असली तर तीससुद्धा नाही.
ह्या सगळ्यांची सरासरी काढायला
मगदूमांच्या डोक्यात शिरावं लागतं,
तिथं आत्ता दिवे बंद आहेत.

आणि एक रक्कम कागदावर येतच नाही.
तिसऱ्या डावाला इरफानचा हजार आपोआप आत जाणार.
तोवर गप्प बसले
तर कदाचित तिसऱ्या नंबरचे नऊशे रुपये, बसल्याचे.
घेतलं आणि हरले तर हाती दोन हजार,
मग मी आणि इरफान एकाच फळीवर, पाण्यात.
त्रेचाळीस पुरत नाहीत मग.
पन्नासच्या पुढे लागतात.
किती पुढे?

वडील मार्केट यार्डात तोलार.
त्यांनी पाहिलेले सौदे रुमालाखालचे:
वर दोन दगडी चेहरे,
खाली एकाच्या मुठीत दुसऱ्याची बोटं,
पेर दाबलं की भाव हलायचा.
ते म्हणायचे, भाव त्यांचा, वजन आपलं.
काटा थांबल्याशिवाय तोंड उघडू नये.

काटा थांबत नाहीये.

मगदूमांच्या चहावर साय धरलीय.
चहा गार करणारा माणूस नव्हे हा.
पानं चांगली आली की चहा विसरतो माणूस.
वाईट आली तरी विसरतो.

इरफान गुणगुणायचा थांबलाय,
जवारी घासता घासता थांबतो तसा, कान देऊन.
त्याला माझं "घेतलं" ऐकायचंय.
राग नाही. त्याच्या जागी मी
मीरासाहेबांना हेच मागितलं असतं.

"घ्या की मॅडम," डॉक्टर म्हणतात, "पहाट करताय काय?"
ज्याचं काही लागलेलं नसतं, त्याला घाई.

राजावर दश्शी ठेवली.
दोन्ही पालथी सरकवली.

मगदूमांनीही आपली पानं पालथीच मिसळली गड्डीत
आणि गार चहा साईसकट एका घोटात.

मग काय,
तिसऱ्या डावाला इरफाननं सत्ती-दुर्रीवर
हजाराचे तीन हजार केले,
त्यातला एक हजार माझा.
पाऊण तासानं उठले मीच. चौथी.
त्यानं काही सिद्ध होत नाही.
हे मी जिना उतरताना दोनदा म्हणाले,
दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

विश्रामबागच्या चौकात सिग्नल
इतक्या रात्री नुसता पिवळा उघडझाप करतो.
थांब म्हणत नाही. जा म्हणत नाही.
रस्ता रिकामा.
स्कूटर चालू ठेवून मी डावीकडे पाहिलं,
उजवीकडे पाहिलं,
परत डावीकडे.