मीका

कासालमाज्जोरेत पहाटे तीनला
पो नदीवरचं धुकं बेकरीच्या उंबऱ्याशी येऊन थांबतं.
भट्टीला भितं, असं ओर्नेल्ला म्हणते.
मी पीठ चाळते, तिची भाषा चाळते.
तिचा बाप एर्मेते आतून ओरडतो,
"नॉन सोनो मीका सोर्दो!"
मी काही बहिरा नाही.

हे मीका मला वर्षभर सापडत नव्हतं.
काढून टाकलं तरी वाक्य उभंच राहतं,
नुसतं जरा रुसल्यासारखं.
मग एर्मेतेने सुरीने फळीवरचा चुरा ओढला,
एक कण बोटाच्या टोकावर धरला : हे बघ, मीका.
लॅटिनमधला पावाचा कण.
कधीकाळी कुणी म्हणालं असेल, कणभरही खाल्लं नाही;
मग पाव गेला, खाणारा गेला,
नकाराला चिकटून कण तेवढा राहिला.

मला हसू आलं.
आम्हालाही रिकाम्या हाताने नाही म्हणवत नाही.
तीळ लागतो, रती लागते,
अक्कल नसली तरी गुंजेने मोजून नसते.

सात वाजता म्हातारे स्काराव्हेल्ली.
टोपी काढतात. काउंटरकडे न बघता :
"अवेते मीका उना दि येरी?"
कालचा एखादा पाव नसेलच ना तुमच्याकडे?
प्रश्नातला मीका उलटा चालतो.
नाही म्हणायची सोय समोरच्याला आधीच करून देतो,
मागणं मागण्यासारखं दिसू नये इतपत.
"कोंबड्यांसाठी," ते पुढे म्हणतात.
कोंबड्या त्यांनी पुराच्या वर्षीच विकल्या,
साऱ्या गल्लीला ठाऊक.

ओर्नेल्ला खाली वाकते,
आत्ता भट्टीतून निघालेला पाव
कागदात दोनदा गुंडाळते, वाफ दिसू नये म्हणून.
"कालचाच आहे," म्हणते. "दगड झालाय नुसता."

ते पुडकं कोटाच्या आत, छातीशी धरतात.
दाराशी थांबतात.
ऊब त्यांना कळली असणारच.
"काल काय म्हणाल्या कोंबड्या?" एर्मेते आतून विचारतो.
"मीका माले," स्काराव्हेल्ली म्हणतात,
काही वाईट नव्हता,
आणि धुक्यात शिरतात.

काउंटरवर चुरा सांडलाय.
ओर्नेल्ला बोट ओलं करून एकेक कण टिपते,
जिभेवर ठेवते,
आणि माझ्यावर खेकसते : बघत काय बसलीस, पीठ चाळ.