हा नव्हे

माझं नाव एनेबिश.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ, हा नव्हे.
माझ्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं ठेवलं.
न्यायला येणाऱ्यानं दारातून डोकवावं, नाव विचारावं,
आणि म्हणावं, छे, हा नव्हे.

युक्ती चालली. बावन्न वर्षं चालली.

उलानबातरला, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर त्सोलमोननी हातमोजा काढला
आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. नुसता.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

कोपरं, गुडघे, कमरेचा पट्टा, केसांखालची कड.
लाल भुईवर चंदेरी पापुद्रे,
एप्रिलात नदीवरचा बर्फ सुटतो तसे.
सकाळी अंथरूण झटकलं की
मूठभर मीच खाली पडतो.
बायको केरसुणी घेते, बोलत नाही.
घोडीच्या आंबलेल्या दुधाची वाटी गोल फिरते तेव्हा
लुवसान आता माझ्यानंतर पीत नाही,
पोट बिघडलंय म्हणतो. दोन वर्षं बिघडलंय.

"बाहेरून काही शिरलेलं नाही कातडीत," त्या म्हणाल्या,
"तुमचीच राखण चुकतेय."
म्हणजे कुत्रा, मी म्हटलं.
त्या हसल्या. "हो, कुत्रा."

आमच्याकडे कुणाच्या गेरपाशी जायचं
तर लांबूनच ओरडायचं : कुत्रा धरा!
हाच आमचा रामराम.
माझ्या आतला कुणी धरला नाही.
घरच्यांनाच चावत सुटलाय.

मग द्या ते इंजेक्शन. बांधा त्याला.

त्यांनी रक्ताचा कागद माझ्याकडे फिरवला.
यकृतात एक पाहुणा आहे. कावीळ बी.
जन्माच्या वेळचा, बहुधा आईकडूनच आलेला.
काही करत नाही. जातही नाही.
पेशीच्या अगदी आतल्या कप्प्यात
घडी घालून ठेवल्यासारखा पडून आहे.
कुत्रा जागा आहे, म्हणून तो निजलाय.

मी बोटांवर हिशेब केला.
नाव ठेवलं ते तिसऱ्या महिन्यात.
म्हणजे हा नावाच्या आधी आला.
त्याला कुणी सांगितलंच नाही, की हा नव्हे.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा.
पोट फुगलेलं, डोळे पिवळे,
आणि बाहेर मेंढ्या मोजायला मला पाठवलेलं.
तिचं एक चांदीचं बटण माझ्यापाशी आहे.
एवढंच उरलं, असं मी सगळ्यांना सांगायचो.

"आधी त्याची गोळी, रोज, न चुकता.
मग कुत्र्याला दोरी. आणि दर तीन महिन्यांनी रक्त."
बायकोचं रक्तही आणा म्हणाल्या.
मुलीला जन्मल्या दिवशीच लस टोचली होती,
ते कार्ड मी पाकिटात घेऊन आलो होतो, का ते माहीत नाही.
त्यांनी ते दोनदा वाचलं. मान हलवली.

आर्वायखेरपर्यंत व्हॅन, पुढे लुवसानची मोटरसायकल.
त्याला मी काही सांगितलं नाही,
त्यानंही माझ्या पाठीला टेकणं टाळलं नाही, कारण पुढे तोच बसला होता.

पोचलो तेव्हा अंधार.
अंगाला मलमाचा, दवाखान्याचा वास.
आमचाच कुत्रा दात काढून धावला
आणि मी माझ्याच दारात ओरडलो,
कुत्रा धरा!

बायको कंदील घेऊन बाहेर आली.
धरला नाही तिनं.
"हात पुढे कर," म्हणाली, "हुंगू दे त्याला."

केला.
बराच वेळ लावला त्यानं.