शेरा

अंजनेरीच्या सड्यावर, चौथ्या चौकोनात,
दोरी ताणून मी गुडघ्यांवर बसलोय.
वारा असा, की नोंदवही
पोटाखाली दाबून लिहावं लागतं.
कंदीलपुष्प : तीन.
गेल्या भादव्यात याच दोरीत सात होते.

वरून आलेल्या नमुन्यात रकाने आहेत,
उंची, फुलं, शेंगा,
मग ऱ्हासाचं कारण :
चराई, वणवा, पर्यटक, इतर.
खूण एकाच ठिकाणी करावी.

चिंधू मेंगाळ मागे उभा, काठीवर हनुवटी टेकून.
त्याला रोजावर घेतलंय, कारण फूल नसताना
हे रोप मला अजून
गवतातून वेगळं दिसत नाही.
म्हणतो, कंद गोड लागतो, साहेब.
काकडीवाणी कुरकुरतो.
गुरं वळताना दांडक्यानं उकरायचो,
सदऱ्याला पुसायचो नि खायचो.
किती खाल्लेस?
भूक असंल तेवढे.

मी ‘इतर’वर खूण केली.
पुढे लिहायला जागा दीड बोट.

खाली रोपवाटिकेत काचेच्या बाटल्यांत वाढवलेली
चाळीस रोपं आली होती, कापसात गुंडाळून,
बाळंतिणीला न्यावं तशी जीपमधून.
जूनमध्ये आम्ही ती कड्याच्या कुशीत लावली,
तारेचं कुंपण, पाटी, पाटीवर खात्याचं नाव.
साळिंदराला पाटी वाचता आली नाही.
उरली अकरा. अहवालात ती
‘समाधानकारक’ झाली.

सुनंदा, माझी बायको, मत्स्य खात्यात. कंत्राटी.
सोमवारी ती टँकरसोबत धरणावर गेली,
महशीरची बोटुकली घेऊन,
फुगवलेल्या पिशव्यांत, पिशवीत दोनशे.
पिशवी लगेच सोडायची नसते.
आधी पाण्यावर तरंगत ठेवायची,
आतलं पाणी नि बाहेरचं पाणी
एकमेकांच्या अंगाचं होईपर्यंत.
वीस मिनिटं.
पाहुण्यांना सिन्नरला दुसरा कार्यक्रम होता.

झेंडूच्या माळेखाली सगळे थांबलेले,
आणि ही गुडघाभर पाण्यात, पिशवीची गाठ मुठीत,
म्हणाली, अजून बारा मिनिटं.
साहेबांनी घड्याळ दाखवलं.
हिनं पाण्यात हात घालून बघितला
नि पुन्हा म्हणाली, अजून नाही.

काठावर कडूबाई भोई जाळ्याची भोकं सांधत होती.
न विचारता बोलली :
चिलापी सोडायला बी हेच आले होते.
तवाबी नारळ फोडला होता.
शेंगाळ गेली, वाम गेली,
माझ्या सासऱ्याच्या हाताएवढा खडकाळ पाण्यातला मासा
गेला तो गेलाच.
आता त्याचीच पोरं आणून सोडताय.
सोडा. चांगलंच आहे.
पण चिलापीला सांगितलंय का कुणी?

कुणी हसलं नाही. फोटोवाला हसला.

रात्री आम्ही दोघं हिशोब मांडून बसतो,
वरणभात निवतोय,
तिचे अकरा हजार, माझे तीन.
तिच्या फॉर्मवर सोडलेल्यांचा आकडा आहे,
जगलेल्यांसाठी ओळच नाही.
माझ्याकडे ओळी खूप आहेत.
गाठ सोडल्यावर, ती सांगते,
बराच वेळ एकही बाहेर येईना.
पिशवीच्या तोंडाशी येऊन परत फिरायची.
मग एक गेलं.

आज, चौथ्या चौकोनात,
चिंधूला म्हटलं, वाक जरा, हे बघ.
फुलाच्या नळीत एक चिलट अडकलंय,
आतले केस खाली वळलेले, जाता येतं, येता येत नाही.
फूल कोमेजलं की केस मऊ पडतील,
तेव्हा सुटेल, अंगाला पराग घेऊन,
नि दुसऱ्या फुलात जाईल,
असेल तर.

चिंधूनं काठी खाली ठेवली.
एक डोळा मिटून आत बघत राहिला,
तंबाखू न थुंकता.
एवढे कंद खाल्ले, म्हणाला,
आत कधी बघितलं नव्हतं.

चिलटासाठी रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं :
चिलट, एक. आत. जिवंत.