अकरा वेढे

रास अल खैमाच्या खाडीवर, बर्फाच्या कारखान्यामागे
इसाक परकारांचं दुकान, आठ बाय दहा.
पाटीवरच्या अरबीत एक अक्षर कमी आहे;
ते दुरुस्त करायला कुणाला सवड नाही,
आम्ही वायरलेस दुरुस्त करतो.

ऑगस्ट. डाखाचा धूर हलू नये म्हणून पंखा बंद.
मांडवीचा तांडेल संच टेबलावर आदळतो:
लाँचवर नवे एलईडी लावले, तेव्हापासून
बंदरवाला बोलतोय की मासे तळतोय, कळत नाही.

दिव्याच्या पोटात एक डबी असते,
सेकंदाला लाखभर वेळा उघडझाप करणारी.
तिची कुरकुर बॅटरीच्या तारेवरून चालत
थेट रेडिओच्या कानात.

परकार खणातून काळं कडं काढतात, फेराइटचं,
बारशातल्या बांगडीएवढं. मग वार्निशची तार.
"ही सरळ असते ना, तेव्हा कुणाला नाही म्हणत नाही.
गुंडाळ. मग बघ."

एक. दोन. तीन.
बॅटरीचा प्रवाह भरलेल्या लाँचसारखा येतो,
जड, एका चालीनं.
त्याला हा चोक नावसुद्धा विचारत नाही.
पण जो क्षणात पुढे, क्षणात मागे,
त्याच्या प्रत्येक पालटाला
कड्यातलं चुंबकत्व उठून आडवं येतं.
जितकी घाई, तितकी अडवणूक.
हातभर तांब्याचा केवढा हा हट्ट!

पाच. सहा. मी वेढे चिकटून बसवले, शाळेतल्या रांगेसारखे.
त्यांनी बोटावर टिचकी मारली.
"शेजार इतका जवळ आला
की वेढा वेढ्याशी कुजबुजतो,
आणि ज्याला अडवायचं, तोच
तारेची वाट न धरता वरच्यावर उडी मारून पार."
मी सोडवले. विरळ घेतले.
अकराव्याला त्यांनी हात वर केला.
बारा का नाहीत, ते सांगितलं नाही.

ब्लेडनं वार्निश खरवडलं, डाख दिला,
दिवा लावला, सोळा नंबर उघडला.
"थांबलं का?"
ते स्पीकरकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.
मला वाटलं, परीक्षा घेताहेत.
"तळणं थांबलं. बारीक शीळ आहे अजून."
"कुठाय?"

शीळ तर चांगली सुईसारखी टोचत होती.

एकोणचाळीस वर्षं इंजिनघरात कान लावून
बारीक आवाज एकेक करून उतरून गेले होते त्यांचे,
कुठल्या बंदरावर, त्यांनाही ठाऊक नसावं.
दर शुक्रवारी दापोलीहून नात फोनवर काही सांगते,
हे म्हणतात, "बापाकडे दे फोन."
मी त्याला तुसडेपणा समजत आलो होतो.

खरं तर मी म्हणू शकलो असतो, थांबली.
तांडेलाला घाई होती, मलाही भूक.

त्यांनी दुसरं कडं माझ्यापुढे सरकवलं.
"मग ऋणाच्या तारेलाही घाल.
वेढे तू मोज. ऐकायचंही तूच."

दुपारच्या नमाजाला ते परत आले, गेले,
पुन्हा आले तेव्हा मी दहाव्या वेढ्यावर होतो.

मग बंदरवाल्याचा आवाज, जाड, कोरडा, खोलीभर:
उद्या सकाळपासून शमाल, वायव्येचा,
लहान होड्यांनी निघू नये.
हे त्यांना सगळं ऐकू आलं.
"बघ," ते तांडेलाला म्हणाले, "आता तुला
न निघायचं कारणही मिळालं,"
आणि पैसे घेतले फक्त तारेचे.